उष्ण हवेतील द्रवपात्रांची गळती : कारणमीमांसा व प्रतिबंध
(कर्जत-खालापूर परिसराच्या विशेष संदर्भात)

द्रवाने भरलेले लहान पात्र उन्हात ठेवले असता ते गळू लागते, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. शाईच्या पेनाने खिशावर उमटविलेला डाग आणि ई-सिगारेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपकरणाच्या टाकीतून झिरपणारे द्रव्य, ही दोन्ही याच घटनेची रूपे होत. गळतीचे कारण विचारले असता ‘उष्णतेने द्रव फुगतो व पातळ होतो’ असे उत्तर सामान्यतः मिळते. हे उत्तर सर्वस्वी चुकीचे नाही. परंतु ते गौण कारणास मुख्य कारणाचे स्थान देते, आणि म्हणूनच त्यावरून सुचणारे उपाय बहुधा अपुरे पडतात. द्रवाबरोबर पात्रात कोंडली गेलेली हवा हे लहान पात्राच्या गळतीचे मुख्य कारण होय. तीच हवा पूर्णतः बंद असलेल्या मोठ्या पात्रात मात्र रक्षणकर्त्याचे काम करते. एका पात्राच्या बाबतीत हितकर ठरणारा नियम दुसऱ्याच्या बाबतीत घातक का ठरतो, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विवेचनासाठी ई-सिगारेटची टाकी हे उदाहरण मुख्यत्वे घेतले आहे, कारण तिच्यात गळतीची सर्व कारणे एकत्र आढळतात. हे उपकरण आज भारतात निषिद्ध आहे. १८ सप्टेंबर २०१९ रोजी निघालेल्या अध्यादेशाने व त्याच वर्षी संमत झालेल्या अधिनियमाने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण व जाहिरात यांस बंदी घालण्यात आली. तेव्हा येथील विवेचन उपकरणाच्या वापरासाठी नाही. त्यातील पदार्थविज्ञान, आणि जप्त केलेला असा माल उष्ण कोठारात पडून राहिल्यास उद्भवणारा धोका, या दोन दृष्टींनी ते उपयुक्त ठरावे.

१. प्रदेशाची वैशिष्ट्ये

या प्रश्नाच्या अभ्यासास रायगड जिल्ह्याचा कर्जत-खालापूर हा अंतर्भाग विशेष अनुकूल आहे. समुद्रकिनाऱ्यापासून आत, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी वसलेल्या या भागात समुद्रावरचा वारा उशिरा व क्षीण होऊन पोचतो. मार्चपासून मेपर्यंत कर्जतचे कमाल तापमान ४० अंश सेल्सियसच्या पुढे गेल्याचे प्रसंग अनेकदा येतात. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीच्या आतील हवा बाहेरच्या हवेपेक्षा तासाभरात २० अंशांनी किंवा त्याहूनही अधिक तापू शकते. म्हणजे सकाळी २७ अंशांवर असलेले पात्र दुपारी ५७ अंशांपर्यंत पोचणे मुळीच अशक्य नाही. पुढील सर्व गणितांत हाच ३० अंशांचा फरक गृहीत धरला आहे.

दुसरे वैशिष्ट्य उंचीचे. खोपोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६० मीटरवर आहे, तर घाटमाथ्यावरील लोणावळे सुमारे ६२० मीटरवर. १८६३ साली खुला झालेला बोरघाटाचा लोहमार्ग आणि २००२ साली पूर्णत्वास गेलेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग हे दोन्ही ही उंची अल्प अंतरात चढून जातात. कर्जत तालुक्यातील नेरळहून माथेरानास जाणारा प्रवासी तर याहूनही अधिक, म्हणजे सुमारे ७६० मीटर उंची एका चढणीत गाठतो. उष्णता व उंची यांचा पात्रातील हवेवर होणारा परिणाम एकाच दिशेचा असल्याने या भागात दोहोंचा एकत्र विचार करणे क्रमप्राप्त ठरते.

२. टाकीची रचना

होन लिक या चिनी औषधशास्त्रज्ञाने २००३ च्या सुमारास आधुनिक ई-सिगारेटची कल्पना प्रत्यक्षात आणली. पुढे रूढ झालेल्या रचनेत काचेची अथवा प्लॅस्टिकची एक छोटी दंडगोलाकार टाकी असते. टाकीच्या मध्यातून हवा जाण्याची नळी उभी जाते. नळीच्या तळाशी तारेचे वेटोळे असून त्यात कापसाची वात बसविलेली असते. वातीची टोके नळीच्या भिंतीतील छिद्रांतून टाकीतील द्रवात भिजत राहतात. समईतील वात ज्याप्रमाणे तेल वर ओढते, त्याचप्रमाणे ही वात केशाकर्षणाने द्रव वेटोळ्यापर्यंत आणते. द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन हे दोन मुख्य घटक असून त्यांत निकोटीन व सुगंधी द्रव्ये मिसळलेली असतात. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशानुसार अशा टाकीची धारणक्षमता जास्तीत जास्त २ मिलिलिटर व निकोटीनचे प्रमाण दर मिलिलिटरला जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम असू शकते.

या रचनेत एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. टाकी वरून घट्ट बंद असते, परंतु तळाशी वातीच्या वाटेने ती बाहेरच्या हवेस मोकळीच असते. म्हणजे तिला ना पूर्ण बंद म्हणता येते, ना पूर्ण उघडी. शाईच्या पेनाची रचना तत्त्वतः अशीच आहे. पेनातील निबेखालच्या बारीक खाचांतून शाई खाली उतरते व तेवढीच हवा वर जाते. ही देवाणघेवाण सुरळीत करणाऱ्या रचनेचे एकस्व वॉटरमन याने १८८४ साली अमेरिकेत मिळविले. कोंबड्यांना पाणी पाजण्याचे उलट्या बाटलीचे भांडे हाही याच कुळातला प्रकार होय. बाटलीतील पाणी ताटलीत ठरावीक पातळीपर्यंतच उतरते व तेथे थांबते.

३. समतोल कशावर अवलंबून असतो

तळाशी वाट मोकळी असूनही द्रव बाहेर का पडत नाही? टाकीच्या वरच्या भागात कोंडलेल्या हवेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा किंचित कमी असतो, हे याचे उत्तर. द्रवाच्या स्तंभाचा भार अधिक आतील हवेचा दाब, यांची बेरीज बाहेरच्या दाबाएवढी झाली की प्रवाह थांबतो. तोरिचेलीच्या नळीतील पारा ज्या तत्त्वावर उभा राहतो तेच हे तत्त्व.

केशाकर्षणाचे कार्य येथे नीट ओळखले पाहिजे. वातीतील सूक्ष्म छिद्रे द्रवाने ओली असल्याने बाहेरची हवा सहजासहजी आत शिरू शकत नाही. छिद्राची त्रिज्या ०.०२ मिलिमीटर व द्रवाचा पृष्ठताण दर मीटरला ०.०४ न्यूटन धरल्यास हवेचा बुडबुडा आत ढकलण्यास सुमारे ४,००० पास्कल, म्हणजे वातावरणीय दाबाच्या चार टक्के, एवढा दाबफरक लागतो. तात्पर्य, वात आतील न्यून दाबाचे रक्षण करते. परंतु आतील दाब बाहेरच्या दाबाहून अधिक झाला, तर द्रवास बाहेर पडण्यापासून अडविण्याची शक्ती ओल्या वातीत जवळजवळ नसते. वात हे एकाच दिशेने राखण करणारे द्वार आहे.

आता हा समतोल किती नाजूक आहे ते पाहावे. टाकीतील द्रवाचा स्तंभ २ सेंटिमीटर उंच व त्याची घनता पाण्याच्या १.१ पट धरल्यास त्याचा भार सुमारे २१५ पास्कल भरतो. बंद जागेतील हवा २७ अंशांवर, म्हणजे ३०० केल्व्हिनवर असताना तिचे तापमान एका अंशाने वाढले तर दाब एकतीनशांशाने, म्हणजे सुमारे ३४० पास्कलने वाढतो. याचा अर्थ असा की, द्रवस्तंभास तोलून धरणारा न्यून दाब नष्ट होण्यास पाऊण अंशाचीही तापमानवाढ लागत नाही. हातात धरलेल्या पेनातून अचानक थेंब का ओघळतो, याचा उलगडा येथे होतो. तळहाताची ऊब त्यास पुरेशी असते.

४. किती द्रव बाहेर पडतो

गळती सुरू कशाने होते हे वरील विवेचनावरून कळते. एकंदर किती द्रव बाहेर पडेल, हा प्रश्न मात्र निराळा आहे. दाब वाढताच थोडा द्रव बाहेर जातो, आतील हवेस जागा मिळते व दाब पुन्हा उतरतो. म्हणून एकूण गळती ही हवा व द्रव यांच्या प्रसरणाच्या बेरजेएवढी असते.

वायूचे आकारमान स्थिर दाबाखाली केवल तापमानाच्या प्रमाणात वाढते. ३०० केल्व्हिनवरून ३३० केल्व्हिनवर जाताना हवा १० टक्क्यांनी फुगते. द्रवाचे प्रसरण याच्या मानाने अल्प असते. ग्लिसरीनचा घनप्रसरणांक दर अंशाला सुमारे ०.०००५ व प्रॉपिलीन ग्लायकॉलचा सुमारे ०.०००७ आहे. मिश्रणाचा ०.०००६ धरल्यास ३० अंशांत द्रव १.८ टक्क्यांनी वाढतो. काचेचे प्रसरण इतके क्षुद्र आहे की ते सोडून देता येते. म्हणजे समान आकारमानाची हवा द्रवाच्या साडेपाच पट फुगते.

२ मिलिलिटरची टाकी अर्धी भरलेली असेल, तर १ मिलिलिटर हवा ०.१ मिलिलिटरने व १ मिलिलिटर द्रव ०.०१८ मिलिलिटरने वाढेल. एकूण ०.११८ मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन थेंब बाहेर पडतील. याउलट टाकी जवळजवळ पूर्ण भरलेली व हवा केवळ ०.१ मिलिलिटर असेल, तर हवेचा वाटा ०.०१० व द्रवाचा ०.०३४, मिळून ०.०४४ मिलिलिटर एवढीच गळती होईल. भरलेली टाकी अधिक गळेल ही सामान्य समजूत खरी नाही. अर्ध्या टाकीतून होणारी गळती भरलेल्या टाकीच्या पावणेतीन पट आहे.

शाईच्या पेनाची स्थिती याहून बिकट असते. शाई मुख्यतः पाणी असल्याने पेनातील हवेत बाष्पही मिसळलेले असते. पाण्याचा बाष्पदाब २७ अंशांवर सुमारे ३,६०० पास्कल, तर ५७ अंशांवर सुमारे १७,३०० पास्कल असतो. बाष्पाची ही वाढ हिशेबात घेतल्यास पेनातील वायूचे आकारमान १० नव्हे तर सुमारे २८ टक्क्यांनी वाढते. ग्लिसरीन व ग्लायकॉल यांचे बाष्पदाब या तापमानास नगण्य असल्यामुळे ई-सिगारेटच्या टाकीत ही भर पडत नाही. कोंबड्यांचे पाण्याचे भांडे दुपारच्या उन्हात ताटलीबाहेर का सांडते, आणि तेही बाटली अर्धीअधिक रिकामी झाल्यावरच का, हे यावरून ध्यानात येईल.

५. श्यानतेचा खरा अधिकार

द्रव दाट असेल तर गळणार नाही, अशी अपेक्षा पुष्कळदा केली जाते. द्रवाची श्यानता तापमानानुसार झपाट्याने बदलते, हे खरे. शुद्ध ग्लिसरीनची श्यानता ३० अंशांवर सुमारे ६१२ मिलिपास्कल-सेकंद असते. ५० अंशांवर ती सुमारे १४२, म्हणजे एकचतुर्थांशाहूनही कमी होते. त्याच दाबफरकाखाली त्याच वाटेने वाहणारा प्रवाह त्या प्रमाणात चौपट होतो.

परंतु श्यानता केवळ प्रवाहाचा वेग ठरविते. प्रवाहाची एकूण मात्रा ठरविण्याचा तिला अधिकार नाही. ती मात्रा हवेच्या प्रसरणाने आधीच निश्चित झालेली असते. पात्र थोडाच वेळ तापणार असेल तर दाट द्रवाने गळती कमी दिसेल, कारण द्रव बाहेर येण्यापूर्वीच पात्र थंड होईल. पात्र चार-पाच तास तापत राहिले तर दाट व पातळ द्रवांची गळती अखेर सारखीच भरेल. दाट द्रव हा विलंबाचा उपाय आहे, प्रतिबंधाचा नव्हे.

६. घाटाचा परिणाम

हवेचा दाब उंचीनुसार कमी होतो, हे पास्कलच्या सूचनेवरून त्याचा मेहुणा पेरिए याने १९ सप्टेंबर १६४८ रोजी फ्रान्समधील प्युई द दोम या डोंगरावर पारदनलिका नेऊन सिद्ध केले. तोच प्रयोग बोरघाटात प्रत्येक प्रवासी नकळत करीत असतो. खोपोलीहून लोणावळ्यास जाताना सुमारे ५६० मीटर चढल्यावर हवेचा दाब सुमारे सहा टक्क्यांनी घटतो, व पात्रात कोंडलेली हवा साडेसहा टक्क्यांनी फुगू पाहते. तापमान न बदलता घडणारा हा परिणाम सुमारे २० अंशांच्या तापमानवाढीच्या तोडीचा आहे. नेरळ-माथेरान चढणीत दाब आठ टक्क्यांहून थोडा अधिक घटतो व प्रसरण नऊ टक्क्यांपर्यंत पोचते. ते सुमारे २७ अंशांच्या तापमानवाढीएवढे आहे.

घाटमाथ्यावर हवा तीन-चार अंशांनी थंड असते. त्यामुळे यांतील एक टक्का वजा होईल. परंतु बंद मोटारीत ही सवलत मिळत नाही. खालापूरच्या उन्हात तापलेली मोटार तशीच घाट चढून गेली, तर १० टक्के व साडेसहा टक्के ही दोन्ही प्रसरणे एकमेकांवर चढून एकूण वाढ १७ टक्क्यांपर्यंत जाते.

हवेतील दाबफरक किती अल्प असतो आणि तरीही त्याचा परिणाम किती ठळक होतो, याची कल्पना खोपोलीतच येऊ शकते. टाटांचे खोपोली येथील जलविद्युत् केंद्र १९१५ साली सुरू झाले. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी सुमारे ५२५ मीटर खाली येऊन तेथील यंत्रे फिरविते, व त्या पाण्याचा दाब सुमारे ५० वातावरणांइतका भरतो. तेवढ्याच उंचीच्या हवेच्या स्तंभाचा दाब वातावरणाच्या जेमतेम सहा टक्के असतो. पहिल्याने विद्युत् केंद्र चालते, दुसऱ्याने पेन गळते. वातीच्या टाकीचा समतोल २१५ पास्कलांवर उभा असल्याने हे सहा टक्के, म्हणजे सुमारे ६,००० पास्कल, त्याच्या अठ्ठावीस पट ठरतात.

७. पात्राचे दैनिक श्वसन

एका दुपारची गळती दोन-तीन थेंबांचीच असते. परंतु रात्री पात्र थंड झाल्यावर आतील हवा आकसते व दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. बाहेर पडलेला द्रव परत आत येत नाही. त्याच्या जागी हवा शिरते. दुसऱ्या दिवशी कोंडलेली हवा आदल्या दिवसापेक्षा अधिक असते, म्हणून गळतीही अधिक होते.

अर्ध्या भरलेल्या टाकीचे उदाहरण पुढे चालविल्यास पहिल्या दिवशी ०.११८, दुसऱ्या दिवशी ०.१२८, तिसऱ्या दिवशी ०.१३८ मिलिलिटर अशी चढती श्रेणी मिळते, आणि सातव्या दिवशी टाकीत द्रव उरत नाही. हे गणित आदर्श स्थितीचे आहे. प्रत्यक्षात वात काही द्रव धरून ठेवील. तथापि त्यातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. कमाल तापमानाइतकाच दिवस-रात्रीच्या तापमानातील फरकही हानिकारक असतो. कायम ४५ अंशांवर असलेले पात्र एकदाच गळून थांबेल. रोज २७ व ५७ अंशांमध्ये हेलकावे खाणारे पात्र आठवड्यात रिकामे होईल. तेलाच्या मोठ्या साठवणटाक्यांनाही याच कारणाने श्वसनझडपा बसवितात, व त्यांतून होणाऱ्या बाष्पाच्या हानीस ‘श्वसनहानी’ असेच म्हणतात.

८. प्रतिबंधाचे उपाय

वरील विवेचनावरून अर्धबंद पात्रांसाठी चार उपाय निघतात. ते परिणामकारकतेच्या क्रमाने पुढे दिले आहेत.

पहिला उपाय बाहेर जाण्याची वाट बंद करण्याचा. वातीची छिद्रे फिरत्या कड्याने झाकता येत असतील तर टाकी पूर्ण बंद होते. अशा स्थितीत ३० अंशांच्या तापमानवाढीने आत निर्माण होणारा जादा दाब वातावरणाच्या दहा टक्क्यांच्या आसपास असतो. साधे रबरी वॉशर सुस्थितीत असेल तर तो सहज सोसते. मात्र रबर उष्णतेने कडक होऊन भेगाळले असल्यास हा उपाय व्यर्थ होय.

दुसरा उपाय पात्राच्या स्थितीचा. वाट खाली असली की फुगणारी हवा द्रवास पुढे ढकलते. वाट वर असली की हवा स्वतःच त्या वाटेशी येते, व वातीत शोषलेला अंशच काय तो बाहेर पडतो. पेन खिशात निब वर करून ठेवण्याची जुनी रीत याच तत्त्वावर आधारलेली आहे.

तिसरा उपाय हवेचे प्रमाण घटविण्याचा. पात्र पूर्ण भरावे किंवा पूर्ण रिकामे करावे. अर्धवट ठेवू नये. विमानप्रवासात याचे महत्त्व विशेष. प्रवासी विमानातील हवेचा दाब सुमारे १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरील दाबाएवढा राखलेला असतो, आणि त्यामुळे कोंडलेली हवा सुमारे २५ ते ३५ टक्क्यांपर्यंत फुगते.

चौथा उपाय तापमानाचे हेलकावे कमी करण्याचा. सावली, जाड वेष्टन, उजळ रंग व पुष्कळ वस्तुमानाच्या सान्निध्यात ठेवणे यांनी कमाल तापमान उतरते व दैनिक फरकही मावळतो. पत्र्याच्या छपराखालील कोठारापेक्षा जाड भिंतींची खोली या कामी श्रेष्ठ ठरते.

९. पूर्ण बंद पात्र : नियमाचा विपर्यास

पहिल्या उपायाने वातीची टाकी बंद पात्र बनते, आणि तेथे हवेची भूमिका पालटते. बंद पात्रात हवा द्रवास ढकलून बाहेर काढू शकत नाही, कारण वाटच नसते. उलट द्रव फुगला की हवा आकसून त्यास जागा करून देते. हवेवाचून पूर्ण भरलेल्या बंद पात्रात द्रवास अशी जागा मिळत नाही. द्रव जवळजवळ असंपीड्य असल्याने एका अंशाच्या तापमानवाढीनेही दाब अनेक वातावरणांनी वाढतो, व कोणतीही जोडपट्टी वा सांधा तो फार काळ सोसू शकत नाही.

पेट्रोलचा घनप्रसरणांक दर अंशाला सुमारे ०.०००९५ आहे. १०,००० लिटर पेट्रोल ३० अंशांनी तापल्यास ते २८५ लिटरने, म्हणजे जवळजवळ तीन टक्क्यांनी वाढते. झडप नसलेल्या टाकीत १० टक्के जागा हवेसाठी सोडली असेल, तर हवा सात टक्क्यांत मावते व तिचा दाब सुमारे दीडपट होतो. पाच टक्के सोडली असेल तर दाब अडीच पटीच्या आसपास जातो. तीनच टक्के सोडली असेल तर हवेस जवळजवळ जागाच उरत नाही आणि टाकी फुटण्याच्या सीमेवर येते. पेट्रोलचा स्वतःचा बाष्पदाब यात धरलेला नाही. तो धरल्यास स्थिती आणखी कठीण होते. म्हणून वाहतुकीच्या टाक्यांत रिकामी जागा सोडणे व दाब मोकळा करणारी झडप ठेवणे या दोन्ही गोष्टी आवश्यक मानल्या आहेत.

याचे घरगुती उदाहरण स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर हे होय. १४.२ किलोग्रॅम गॅसच्या सिलिंडरात ३३.३ लिटर पाणी मावते. द्रवरूप गॅसची घनता लिटरला सुमारे ०.५५ किलोग्रॅम धरल्यास तो जेमतेम २६ लिटर जागा व्यापतो. उरलेला पाचवा हिस्सा व त्याहून थोडा अधिक भाग मुद्दाम मोकळा सोडलेला असतो. ग्राहकास तो अपुरा भरल्यासारखा वाटला, तरी उन्हाळ्यात फुगणाऱ्या द्रवास लागणारी जागा तीच आहे.

हा नियम मोडल्याचे परिणाम भयानक असतात. ११ जुलै १९७८ रोजी स्पेनमधील लोस अल्फाकेस येथील समुद्रकाठच्या छावणीजवळ प्रॉपिलीनने मर्यादेबाहेर भरलेला टँकर फुटला व २०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. उन्हात तापलेल्या द्रवास फुगण्यास जागा न उरणे, ही त्या दुर्घटनेच्या प्रमुख कारणमीमांसांपैकी एक आहे. बोरघाटातून अशा द्रव्यांचे टँकर सतत ये-जा करीत असतात. १३ जून २०२३ रोजी द्रुतगती मार्गावर कुणे पुलाजवळ ज्वालाग्राही रसायनाचा टँकर उलटून पेटला व चार जणांचे प्राण गेले. तो अपघात उलटण्याचा होता, उष्णतेच्या गळतीचा नव्हे. तथापि घाटातील अरुंद जागेत टाकीबाहेर आलेले द्रव्य काय करू शकते, हे त्याने दाखवून दिले. पायथ्याशी तापून घाट चढणाऱ्या टँकरमध्ये सोडलेली हवेची जागा व झडपेची सुस्थिती ही केवळ नियमपुस्तकातील बाब राहत नाही.

१०. उपसंहार

लहान टाकीची गळतीही सर्वस्वी निरुपद्रवी नसते. निकोटीन त्वचेतून शरीरात शोषले जाते. तंबाखूची ओली पाने तोडणाऱ्या मजुरांना मळमळ, उलट्या व भोवळ यांचा जो विकार होतो, त्याचे कारण हेच. दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम निकोटीन असलेल्या टाकीतून एका दुपारी झिरपणाऱ्या ०.११८ मिलिलिटर द्रवात सुमारे २.४ मिलिग्रॅम निकोटीन असते. एका सिगारेटच्या धूम्रपानाने शरीरात जाणाऱ्या सुमारे १ ते १.५ मिलिग्रॅम निकोटीनपेक्षा ते अधिक आहे. एका टाकीचा हा हिशेब जप्त मालाच्या खोक्यास लावल्यास, उन्हाळ्यात असे खोके उघडणाऱ्या कर्मचाऱ्याने रबरी हातमोजे का घालावेत हे वेगळे सांगावे लागत नाही. असा माल सावलीच्या, जाड भिंतींच्या खोलीत, टाक्यांची वाट वर येईल अशा स्थितीत, द्रव धरून ठेवणाऱ्या तबकात ठेवणे हा सुरक्षिततेचा किमान नियम होय.

सारांश, कोणत्याही द्रवपात्राच्या गळतीचा विचार करताना पहिला प्रश्न द्रवाविषयी नव्हे, तर हवेविषयी विचारला पाहिजे: आत किती हवा आहे, आणि तिला बाहेर जाण्याच्या वाटेत द्रव उभा आहे की नाही? वाट मोकळी व तिच्यात द्रव असेल तर हवा कमीत कमी ठेवावी. वाट बंद असेल तर हवा पुरेशी ठेवावी. खिशातील पेन पूर्ण भरावे आणि घाट चढणारा टँकर कधीही पूर्ण भरू नये, हे दोन परस्परविरुद्ध भासणारे नियम एकाच वायुनियमातून निघतात.